मेथीच्या दाण्यांचा माग : २०११च्या जर्मन साथीचा उलगडा कसा झाला

मे २०११मध्ये उत्तर जर्मनीतल्या रुग्णालयांत रक्ताच्या हगवणीचे रुग्ण अचानक वाढू लागले. जुलैच्या अखेरीस साथ संपल्याचे जाहीर झाले, तोपर्यंत एकट्या जर्मनीत ३,८४२ जण आजारी पडले होते. त्यांपैकी ८५५ जणांची मूत्रपिंडे निकामी होण्याच्या वाटेवर गेली आणि ५३ जणांचा मृत्यू झाला. मूत्रपिंडांच्या या विकाराची एवढी मोठी साथ जगात त्यापूर्वी कुठेही नोंदली गेली नव्हती. जर्मनीत जाऊन आलेले प्रवासीही आपापल्या देशात परतल्यावर आजारी पडले.

या साथीचे मूळ शेवटी जिथे सापडले ते आपल्याला परके नाही. ते म्हणजे मोड आलेली मेथी. मेथीचे दाणे इजिप्तमधून आले होते आणि त्यांना मोड आणले होते जर्मनीतल्या एका लहानशा गावात. या शोधातली सर्वांत थक्क करणारी गोष्ट अशी, की संशयित दाण्यांची पुन्हा पुन्हा तपासणी करूनही साथीचा जिवाणू त्यांच्यावर कधीच सापडला नाही. तरीही दोष मेथीच्या दाण्यांकडेच जातो हे तज्ज्ञांनी जवळपास निर्विवादपणे दाखवून दिले. डॉक्टर, साथरोगतज्ज्ञ, सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ, अन्ननिरीक्षक, व्यापाराच्या नोंदी तपासणारे अधिकारी आणि जनुकांचा अभ्यास करणारे वैज्ञानिक यांच्या हाती वेगवेगळे तुकडे होते. ते तुकडे एकत्र आले तेव्हाच चित्र पुरे झाले.

ओळखीचा जिवाणू, अनोळखी रूप

ही साथ पसरवणाऱ्या ई. कोलाय या जिवाणूचे बहुतेक प्रकार माणसाच्या आतड्यात बिनत्रास राहतात. काही मोजके प्रकार मात्र ‘शिगा’ नावाचे विष तयार करतात. कियोशी शिगा या जपानी वैज्ञानिकाने १८९७मध्ये आमांशाचा जिवाणू शोधून काढला. त्याच्यावरून या विषाला हे नाव पडले. शिगाचे गुरू किटासाटो हे बर्लिनमध्ये रॉबर्ट कॉख यांच्या हाताखाली शिकलेले होते. पुढे शंभराहून अधिक वर्षांनी या विषाचा माग काढायची वेळ आली, तेव्हा ते काम कॉख यांच्याच नावाच्या बर्लिनमधील संस्थेकडे आले.

शिगा विष आतड्यातून रक्तात उतरले की बारीक रक्तवाहिन्यांच्या अस्तराला इजा करते. तांबड्या पेशी फुटतात, रक्तबिंबिका घटतात आणि मूत्रपिंडांचे काम मंदावत जाते. या अवस्थेला हिमोलिटिक युरेमिक सिंड्रोम, थोडक्यात एचयूएस, म्हणतात. कित्येकदा मेंदूवरही परिणाम होतो. रुग्णाला झटके येतात, बोलता येईनासे होते. यावर नेमके औषध नाही. डायलिसिस, रक्तद्रव बदलणे आणि शरीर सावरेपर्यंत त्याला आधार देणे एवढेच डॉक्टरांच्या हाती असते.

एचयूएस हा एरवी लहान मुलांचा आजार मानला जातो. या साथीत मात्र एचयूएसच्या रुग्णांपैकी ८८ टक्के प्रौढ होते आणि सुमारे दोन तृतीयांश स्त्रिया होत्या. धडधाकट, मध्यमवयीन, आहाराबाबत जागरूक असलेल्या स्त्रिया मोठ्या संख्येने आजारी पडत होत्या. आजारी कोण पडते आहे, यावरूनच साथरोगतज्ज्ञांना पहिली दिशा मिळते. इथे संशय मांसापेक्षा कच्च्या भाज्यांकडे वळला, तो यामुळे.

म्युन्स्टर विद्यापीठात हेल्गे कार्श यांची प्रयोगशाळा एचयूएस घडवणाऱ्या जिवाणूंचे नमुने वर्षानुवर्षे जपून ठेवत आली होती. मेच्या शेवटच्या आठवड्यात तिथे जिवाणूची ओळख पटली. तो ओ१०४:एच४ प्रकारचा होता. जगभर कुप्रसिद्ध असलेला ओ१५७:एच७ हा प्रकार इथे नव्हताच. त्याच संग्रहात २००१ सालच्या एका जर्मन रुग्णाकडून मिळालेला जवळचा नमुना होता, म्हणून तुलना चटकन करता आली. या प्रयोगशाळेने जिवाणू ओळखण्याची जलद चाचणी तयार केली आणि ती इतर प्रयोगशाळांना खुली करून दिली.

काकडीवर आलेला आळ

१९ मे रोजी हॅम्बुर्गच्या आरोग्य खात्याने रॉबर्ट कॉख इन्स्टिट्यूटला कळवले, की तीन मुलांना एकाच वेळी एचयूएस झाला आहे. दुसऱ्याच दिवशी संस्थेचे पथक हॅम्बुर्गला पोहोचले. तोवर साथ शिखराजवळ आली होती. अन्न पोटात गेल्यापासून हगवण सुरू होईपर्यंत साधारण आठ दिवस जात होते, त्यामुळे ज्या जेवणाने घात केला ते रुग्णांच्या आठवणीत धूसर झाले होते.

पथकाने रुग्णांना खाटेशेजारी बसून सविस्तर प्रश्न विचारले. सुरुवातीच्या बारा रुग्णांपैकी मोड आलेल्या बियांचा उल्लेख तिघांनीच केला. टोमॅटो, काकडी आणि सॅलडची पाने मात्र बहुतेकांनी खाल्ली होती. पुढच्या तुलनात्मक पाहणीत म्हणूनच या तीन भाज्यांवर भर आला, आणि आजारी माणसांनी निरोगी माणसांपेक्षा त्या अधिक खाल्ल्याचे दिसले. २५ मे रोजी उत्तर जर्मनीत या भाज्या कच्च्या खाऊ नयेत असा सल्ला देण्यात आला. माणसे मरत असताना असा सल्ला देण्यात गैर काहीच नव्हते.

दुसऱ्या दिवशी, २६ मे रोजी, हॅम्बुर्गच्या आरोग्य खात्याने जाहीर केले, की शिगा विष तयार करणारा ई. कोलाय काही काकड्यांवर सापडला आहे आणि त्यांतल्या बऱ्याच काकड्या स्पेनच्या आहेत. बातमी युरोपभर पसरली. काही दिवसांतच स्पेनमधली भाजी पडून राहू लागली. शेतकऱ्यांनी काकड्यांचे ढीग फेकून दिले. २ जून रोजी रशियाने युरोपीय संघातून येणाऱ्या सगळ्या ताज्या भाज्यांवर बंदी घातली. दरम्यान, ३१ मे रोजी सविस्तर तपासणीचा निकाल आला होता. काकडीवरचा जिवाणू खरोखरच शिगा विष तयार करणारा होता, पण साथीतला ओ१०४:एच४ तो नव्हता. काकडी निर्दोष ठरली, तरी झालेले नुकसान भरून येणार नव्हते. भाजी उत्पादकांसाठी युरोपीय संघाला २१ कोटी युरोंची भरपाई मंजूर करावी लागली.

हा प्रसंग अन्नसुरक्षेच्या इतिहासात लक्षात ठेवण्याजोगा आहे. प्रयोगशाळेचा निष्कर्ष चुकीचा नव्हता, तो अपुरा होता. काकडीवर जिवाणू आहे हे खरे होते. पण तोच जिवाणू रुग्णांच्या शरीरात आहे का, आणि ज्यांनी त्या काकड्या खाल्ल्या तेच आजारी पडले का, या दोन प्रश्नांची उत्तरे दुसऱ्यांकडून यायची होती. ती येण्याआधीच घोषणा झाली.

ताटात काय होते, हे आचाऱ्याला विचारा

साथ थांबेना, तेव्हा रॉबर्ट कॉख इन्स्टिट्यूटच्या तज्ज्ञांनी आठवणीवर विसंबणे सोडून दिले. फ्रँकफर्टमधल्या एका कंपनीच्या उपाहारगृहांत जेवणारे बरेच कर्मचारी आजारी पडले होते. तिथे पैसे भरल्याच्या संगणकीय नोंदी होत्या, त्यांवरून कोणी कोणत्या दिवशी काय घेतले हे तपासता आले. आजारी पडलेल्यांनी सॅलडच्या काउंटरवरून इतरांपेक्षा अधिक वेळा खरेदी केली होती. वर्तुळ लहान होत चालले.

निर्णायक पुरावा मिळाला तो ल्युबेकमधल्या एका रेस्टॉरंटात. मेच्या मध्यावर तिथे वेगवेगळे गट जेवून गेले होते आणि त्यांतले कित्येक जण नंतर आजारी पडले होते. तज्ज्ञांनी अशा दहा गटांतल्या १६८ माणसांचा अभ्यास केला. ‘तुम्ही मोड आलेल्या बिया खाल्ल्या का?’ हा प्रश्न त्यांनी मुख्य मानलाच नाही. त्याऐवजी ऑर्डरच्या याद्या, बिले आणि जेवताना काढलेली छायाचित्रे यांवरून प्रत्येकाने कोणता पदार्थ मागवला हे निश्चित केले. मग ते स्वयंपाकघरात गेले. कोणत्या पदार्थात काय पडते, किती पडते, वरून सजावटीला काय घालतात, हे त्यांनी आचाऱ्याकडून बारकाईने समजून घेतले.

या दोन याद्या एकमेकींशी जोडल्यावर जे समोर आले ते स्पष्ट होते. ज्यांच्या ताटात मोड आलेल्या बिया होत्या, त्यांना आजार होण्याची शक्यता इतरांपेक्षा १४ पटींनी जास्त होती. आजारी पडलेल्या ३१ जणांपैकी एकूण एक जणाच्या ताटात त्या होत्या. त्याच सुमारास केलेल्या दुसऱ्या पाहणीत आपण मोड खाल्ले हे अवघ्या एक चतुर्थांश रुग्णांना आठवत होते. सॅलडवर भुरभुरलेले चिमूटभर मोड कोण लक्षात ठेवणार? काकडी आणि टोमॅटो आठवतात, कारण ते डोळ्यांना दिसतात. मोडही त्यांच्याबरोबरच ताटात येत असल्याने आळ त्यांच्यावर गेला. आचाऱ्याचे ज्ञान साथरोगशास्त्राच्या पद्धतीशी जोडले गेले, तेव्हा ही गाठ सुटली.

पावत्यांवरून बीनेनब्युटेलपर्यंत

३ जून रोजी बर्लिनमध्ये एक विशेष कृतिदल स्थापन झाले. त्यात जर्मनीच्या केंद्रीय आणि राज्य पातळीवरच्या अन्नसुरक्षा अधिकाऱ्यांबरोबर रॉबर्ट कॉख इन्स्टिट्यूट आणि युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरण यांचे तज्ज्ञ होते. त्यांनी उलट्या दिशेने चालायचे ठरवले. ज्या ठिकाणी जेवून अनेक जण एकत्र आजारी पडले, अशी ४१ ठिकाणे त्यांनी निवडली. प्रत्येक ठिकाणी माल कुठून आला, त्या पुरवठादाराला कोणी दिला, त्याला कोणी दिला, असे पावत्या हाती घेऊन ते मागे मागे गेले.

युरोपीय संघात २००५पासून एक नियम लागू आहे: अन्नाचा व्यवसाय करणाऱ्या प्रत्येकाने आपल्याला माल कोणी दिला आणि आपण तो कोणाला दिला, ही एक पायरी मागची आणि एक पायरी पुढची नोंद ठेवलीच पाहिजे. एरवी कटकट वाटणाऱ्या या नोंदीच आता पुरावा ठरल्या. सगळ्या ४१ ठिकाणांचे धागे लोअर सॅक्सनी राज्यातल्या बीनेनब्युटेल गावी, मोड तयार करणाऱ्या एकाच शेतीप्रकल्पात जाऊन मिळाले. तिथले काही कामगारही मेमध्येच आजारी पडले होते. १० जून रोजी रॉबर्ट कॉख इन्स्टिट्यूटसह तीन केंद्रीय संस्थांनी एकत्रितपणे जाहीर केले, की कारण मोड आहेत. टोमॅटो, काकडी आणि सॅलडच्या पानांवरचा इशारा मागे घेतला जात आहे. दोन आठवड्यांपूर्वीच्या घोषणेत आणि या घोषणेत मोठा फरक होता. या वेळी रुग्णांची पाहणी, स्वयंपाकघरातली माहिती आणि पुरवठ्याच्या नोंदी, तिन्ही एकाच ठिकाणाकडे बोट दाखवत होत्या.

जीनोम जगापुढे ठेवला

याच काळात जिवाणूच्या पोटातले रहस्यही उकलत होते. हॅम्बुर्गच्या विद्यापीठ रुग्णालयाने एका रुग्णाच्या नमुन्यातून मिळवलेला जिवाणूचा डीएनए चीनमधल्या शेनझेन शहरातील बीजीआय या संस्थेकडे पाठवला. तिथे तीन दिवसांत जीनोमचे वाचन झाले. २ जून रोजी संस्थेने कच्ची माहिती कोणत्याही अटीविना सर्वांसाठी खुली केली. अशी माहिती संशोधक एरवी आपला शोधनिबंध छापून येईपर्यंत जपून ठेवतात.

पुढचे चोवीस तास अभूतपूर्व होते. वेगवेगळ्या देशांतल्या जैवमाहितीतज्ज्ञांनी तुकड्यांत असलेला तो जीनोम स्वयंस्फूर्तीने जुळवून काढला आणि आपापले निष्कर्ष एका सामाईक संकेतस्थळावर मांडले. आठवड्याभरात तिथे सुमारे दोन डझन टिपणे जमा झाली. त्यांतून उलगडले ते असे: आतड्याच्या अस्तराला दाट थराने चिकटून राहणारा ई. कोलायचा एक प्रकार पूर्वीपासून ठाऊक होता. या जिवाणूचा मूळ सांगाडा त्याच प्रकारचा होता, आणि शिगा विषाचे जनुक त्याच्यात एका विषाणूमार्फत शिरले होते. चिकटून राहण्याची ताकद आणि विष एकाच जिवाणूत आले होते, शिवाय कित्येक प्रतिजैविकांना तो दाद देत नव्हता. एचयूएसचे प्रमाण या साथीत इतके मोठे का होते, याचे एक कारण या संयोगात असावे असे तज्ज्ञ मानतात.

बोर्दोजवळचा दुवा

मोड सापडले, पण बिया कुठल्या? बीनेनब्युटेलमध्ये अनेक देशांतून आलेल्या बियांना मोड येत होते. कोणत्या बियांवर बोट ठेवायचे, हे जर्मनीच्या हद्दीत राहून ठरवणे अवघड होते.

उत्तर मिळाले फ्रान्समधून. जूनच्या दुसऱ्या पंधरवड्यात बोर्दोजवळच्या बेगल् गावात काही जण ओ१०४:एच४नेच आजारी पडले. त्यांनी ८ जूनला एका सामाजिक केंद्रातल्या कार्यक्रमात थंड सूपवर घातलेले मोड खाल्ले होते. ते बीनेनब्युटेलचे नव्हते. बागकामाच्या दुकानातून आणलेल्या बियांना तिथेच मोड आणले होते, आणि त्या होत्या मेथी, मोहरी आणि रॉकेट नावाच्या पालेभाजीच्या. हगवणीचा जिवाणू तोच. मोड आणणारे वेगळे. म्हणजे जिवाणू मोड आणण्याच्या ठिकाणी शिरलेला नव्हता, तो बियांबरोबरच आला होता.

आता युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने दोन्ही देशांतल्या पावत्या शेजारी शेजारी मांडल्या. दोन्हीकडे समान असलेली बी एकच होती: मेथी. ५ जुलै २०११च्या अहवालानुसार इजिप्तमधून आलेला, ४८०८८ क्रमांकाचा मेथीचा लॉट हाच दोन्ही साथींना जोडणारा सर्वांत संभाव्य दुवा होता. सुमारे १५ हजार किलोचा हा माल २००९च्या अखेरीस दमिएत्ता बंदरातून जहाजाने अँटवर्पला, तिथून नौकेने रॉटरडॅमला आणि पुढे ट्रकने जर्मनीला गेला होता. आयातदाराकडून तो हातोहात पसरला. त्यातले जेमतेम ७५ किलो बीनेनब्युटेलला पोहोचले. काही माल ब्रिटनमध्ये ५० ग्रॅमच्या पाकिटांत भरला गेला आणि त्यांतली पाकिटे फ्रान्सच्या दुकानांत आली. एकूण जर्मनीतल्या ५४ आणि इतर ११ देशांतल्या १६ कंपन्यांपर्यंत हा माल गेला होता.

माल जर्मनीत येऊन दीड वर्ष उलटल्यावर त्यामुळे माणसे आजारी पडली होती. शिल्लक दाण्यांवर जिवाणू सापडला नाही, याचे नवल वाटायला नको: हजारो किलोंत थोड्या दाण्यांवर मूठभर जिवाणू असतील, तर नमुना घेताना ते हाती लागण्याची शक्यता फार कमी असते. इजिप्तने हा निष्कर्ष मान्य केला नाही. दूषितता शेतात झाली की साठवणीत, हे अखेरपर्यंत निश्चित झाले नाही. तरी युरोपीय संघाने तो लॉट बाजारातून काढून नष्ट करायला लावला आणि इजिप्तच्या काही बियांची आयात थांबवली. २६ जुलै रोजी रॉबर्ट कॉख इन्स्टिट्यूटने साथ संपल्याचे जाहीर केले.

मोडच का?

बी कोरडी असताना तिच्या सालीच्या भेगांत अडकलेला जिवाणू निपचित पडून महिनोन्महिने, कधी वर्षानुवर्षे तग धरतो. त्या बीला पाणी, ऊब आणि दमट हवा मिळाली की तिला मोड येतो. आणि जिवाणूलाही नेमके हेच हवे असते. मोड येण्याच्या दोन-तीन दिवसांत मूठभर जिवाणूंचे कोट्यवधी होऊ शकतात. भेगांत दडलेले असल्यामुळे ते धुण्याने जात नाहीत, आणि मोड कच्चे खाल्ले तर वाटेत शिजवण्याची पायरीही येत नाही.

हा धोका २०११मध्ये पहिल्यांदा दिसला असे नाही. १९९६मध्ये जपानच्या साकाई शहरात शाळेच्या जेवणातून हजारो मुले ओ१५७ ई. कोलायने आजारी पडली, तेव्हा तपासात पांढऱ्या मुळ्याच्या कोंबांवर संशय आला होता. पण जपानमधला अनुभव युरोपातल्या शेतीप्रकल्पाच्या नियमांत उतरायला आणखी एक मोठी साथ यावी लागली. २०१३मध्ये युरोपीय संघाने मोड आणि त्यांच्या बियांसाठी स्वतंत्र नियम केले: बियांच्या प्रत्येक खेपेची नोंद, मोड तयार करणाऱ्यांना परवानगी, आयातीसोबत प्रमाणपत्र आणि जिवाणूंची ठरलेली तपासणी. जर्मनीने त्याच वर्षी कायदा बदलून संसर्गजन्य आजारांची माहिती स्थानिक आरोग्य कार्यालयातून केंद्रापर्यंत झपाट्याने पोहोचेल अशी व्यवस्था केली.

विणलेले जाळे

या सहकार्याच्या मागे अनेक दशकांची घडण आहे. संयुक्त राष्ट्रांची अन्न व कृषी संघटना आणि जागतिक आरोग्य संघटना यांनी मिळून १९६३मध्ये कोडेक्स अॅलिमेंटेरियस आयोग सुरू केला. अन्नाची मानके सगळ्या देशांनी एकत्र बसून ठरवावीत हा त्याचा हेतू. भारत १९६४पासून त्याचा सदस्य आहे. मसाल्यांच्या मानकांसाठी आयोगाची जी समिती आहे तिचे यजमानपद भारताकडे असून तिचे काम कोचीच्या मसाला मंडळातून चालते. युरोपात १९७९पासून अन्नाच्या धोक्यांची सूचना देशोदेशी तातडीने पोहोचवणारी यंत्रणा आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २००४मध्ये अन्नसुरक्षा अधिकाऱ्यांचे ‘इन्फोसान’ हे जागतिक जाळे उभे केले.

अमेरिकेची कहाणी तर थेट एका शोकांतिकेतून आली. १९९२-९३च्या हिवाळ्यात कमी शिजलेल्या हॅम्बर्गरमधून ७००हून अधिक माणसे आजारी पडली आणि चार मुले दगावली. त्यानंतर १९९६मध्ये ‘पल्सनेट’ सुरू झाले. राज्योराज्यीच्या प्रयोगशाळा रुग्णांच्या जिवाणूंची जनुकीय छबी एकाच पद्धतीने काढून एकाच भांडारात ठेवू लागल्या. हजारो किलोमीटर अंतरावरच्या दोन रुग्णांचे जिवाणू सारखे निघाले, की दोघांनी एकच दूषित पदार्थ खाल्ला असावा हे लगेच लक्षात येऊ लागले. एका गावात एकच रुग्ण असेल तर ते गाव त्याला किरकोळ हगवण समजते. देशभरातले असे शंभर रुग्ण जोडले की ती साथ असते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५च्या अंदाजानुसार दूषित अन्नामुळे जगात दरवर्षी सुमारे ६० कोटी लोक आजारी पडतात आणि ४ लाख २० हजार लोक मरतात. त्यांत पाच वर्षांखालील मुलांची संख्या सव्वा लाख आहे.

आपल्या स्वयंपाकघरात आणि आपल्या व्यवस्थेत

मोड आणणे ही मराठी घरातली नित्याची गोष्ट आहे. मटकी, मूग, वाल रात्रभर भिजवायचे, उपसून ओल्या फडक्यात घट्ट बांधायचे आणि उबेला ठेवायचे. मेथीलाही असेच मोड आणून तिची उसळ करतात. मोडांना जी परिस्थिती लागते, तीच जिवाणूंनाही लागते. आपल्याला वाचवते ती पुढची पायरी. उसळ, मिसळ, बिरडे, आमटी यांत मोड चांगले उकळतात, आणि अन्न आतपर्यंत ७० अंश सेल्सिअसला तापले की हे जिवाणू टिकत नाहीत. पौष्टिक म्हणून कच्चे मोड, त्यांची कोशिंबीर किंवा सॅलड खाण्याची चाल आता शहरांत रुजली आहे. तान्ही मुले, गरोदर स्त्रिया, वृद्ध आणि आजाराने अशक्त झालेली माणसे यांना कच्चे मोड देऊच नयेत. इतरांनीही ते वाफवून किंवा शिजवून घेणे बरे. नुसते धुणे पुरेसे नाही. मोड आणायचे फडके आणि भांडे स्वच्छ ठेवावे, आणि मोड आल्यावर लगेच वापरायचे नसतील तर फ्रिजमध्ये ठेवावेत.

व्यवस्थेसाठीचा धडा याहून मोठा आहे. महाराष्ट्रात अन्नाची तपासणी अन्न व औषध प्रशासन करते; साथींवर लक्ष ठेवण्याचे काम एकात्मिक रोग सर्वेक्षण कार्यक्रमाचे; रुग्ण येतात ते सरकारी दवाखान्यांत आणि खासगी डॉक्टरांकडेही; आणि देशपातळीवरचे नियम २००६च्या कायद्याखाली स्थापन झालेले भारतीय अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरण करते. लग्नाच्या जेवणातून किंवा शाळेतल्या आहारातून विषबाधा झाली, की या साऱ्यांना काही तासांत एकमेकांची गरज भासते. डॉक्टराने प्रतिजैविक देण्याआधी शौचाचा नमुना घेतला, आयोजकाने उरलेले अन्न फेकून भांडी घासण्याऐवजी थोडे थोडे थंड जागी राखून ठेवले, केटररने किराणा आणि दुधाच्या पावत्या दाखवल्या, कोण काय जेवले याची यादी आरोग्यसेवकाने केली, तर कारण सापडते. यांतला एक दुवा निसटला तरी ‘अन्नातून विषबाधा’ एवढीच नोंद उरते, आणि तोच माल उद्या दुसऱ्या गावात जातो.

हॅम्बुर्गच्या डॉक्टरांना इजिप्तचे शेत दिसत नव्हते, व्यापाऱ्याला रुग्ण दिसत नव्हते, शेनझेनच्या वैज्ञानिकांना ल्युबेकमधले ताट दिसत नव्हते. प्रत्येकाने आपल्याला जे ठाऊक आहे ते दुसऱ्याच्या हाती दिले, तेव्हा दोन महिन्यांत उत्तर मिळाले. आणि एकाने घाईत एकट्याने निष्कर्ष जाहीर केला, तेव्हा निरपराध शेतकरी भरडले गेले. म्हणून अन्नसुरक्षेची खरी गुंतवणूक शांततेच्या काळात करावी लागते: प्रशिक्षित साथरोगतज्ज्ञ, जिल्ह्याजिल्ह्यांत चालत्या प्रयोगशाळा, खात्रीच्या नोंदी आणि खात्याखात्यांत रोजची देवाणघेवाण. साथ आल्यावर यातले काहीही नव्याने उभे करायला वेळ मिळत नाही.